चिकन पाप्रिकाश: पाप्रिका कडू लागते, दही फाटतं. नेमकं चुकतंय कुठे?

आमटीभात

हंगेरीचं चिकन पाप्रिकाश घरी नीट जमवायचंय. सध्याचं प्रमाण आणि कृती देतेय, म्हणजे चूक पकडायला सोपं जाईल.

ब्रॉयलर चिकन १ किलो (करी कट, साल काढलेलं), कांदे २ मध्यम, तेल २ टेबलस्पून, स्मोक्ड पाप्रिका २ टेबलस्पून, आलं-लसूण पेस्ट १ टीस्पून, टोमॅटो २, पाणी २ कप, दही १ वाटी.

कांदा मोठ्या आचेवर तांबूस केला, आलं-लसूण घातलं, मग पाप्रिका घालून कच्चा वास जाईपर्यंत मिनिटभर परतली. टोमॅटो, चिकन, पाणी घालून २५ मिनिटं झाकण. शेवटी गॅस चालू असतानाच फेटलेलं दही.

निकाल: रस्सा कडसर, रंग लालऐवजी विटकरी, दही फाटून रव्यासारखे कण, रस्सा पातळ, आणि ब्रेस्टचे तुकडे चोथा. हॉटेलात मिळतं तो मऊ, गुळगुळीत, केशरी रस्सा कसा येतो? पाप्रिकाऐवजी काश्मिरी तिखट चालेल का? सावर क्रीमला घरगुती पर्याय काय? आणि सोबत भात की दुसरं काही?

खलबत्ता

कडूपणाचं उत्तर तुमच्याच एका ओळीत आहे: "कच्चा वास जाईपर्यंत मिनिटभर परतली." आपल्या तिखटाला ते चालतं, कारण ते चमचाभर असतं आणि सोबत वाटणाचा ओलावा असतो. पाप्रिका म्हणजे गोड मिरचीची पूड. तिच्यात साखर बरीच, दळण पिठासारखं बारीक. तांबूस कांद्याच्या कडकडीत तेलात ती दहा-पंधरा सेकंदांत करपते. एकदा करपली की वरून टोमॅटो घाला, साखर घाला, काही उपयोग नाही. ते पातेलं ओतून कांद्यापासून पुन्हा सुरुवात.

१ किलो चिकनला माझं प्रमाण: सोललेला कांदा ३५० ग्रॅम, तेल किंवा चरबी ४ टेबलस्पून, गोड पाप्रिका २ टेबलस्पून शिगोशीग (१५ ते १८ ग्रॅम), टोमॅटो १, भज्यांसाठी मिळते ती लांब फिकट मिरची १ (बिया काढून, आधी चाखून), मीठ २ टीस्पून सपाट, लसूण वाटलाच तर एक पाकळी. शेवटी विरजलेलं क्रीम २०० ग्रॅम आणि मैदा दीड टेबलस्पून. आलं नाही, धणे-जिरे नाही, गरम मसाला नाही, वरून कोथिंबीर तर नाहीच.

जाड बुडाचं पातेलं घ्या. कांदा शक्य तितका बारीक चिरा, पण वाटू नका. वाटलेल्या कच्च्या कांद्याचा उग्रपणा या रश्शात लपत नाही, कारण लपवायला दुसरा मसालाच नसतो. तेल कोमट झालं की कांदा आणि अर्धा चमचा मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवा. बुडाला लागतोय वाटलं तर चमचाभर पाणी शिंपडा. १५ ते २० मिनिटांत कांदा पारदर्शक होतो आणि चमच्याच्या पाठीने दाबला की लगदा होतो. कडा सोनेरी दिसल्या तर आच जास्त झाली. रश्शाला अंग येतं ते या विरघळलेल्या कांद्याने. तुमचा कांदा मुळात कमी होता, त्यात तांबूस तळलेला. तळलेला कांदा असा विरघळत नाही. म्हणून पातळ.

आता पातेलं गॅसवरून उतरवा. आच बारीक करून भागत नाही, जाड बूड बराच वेळ तापलेलं राहतं. सरळ ओट्यावर ठेवा आणि तडतड पूर्ण थांबू द्या. मग पाप्रिका घालून ढवळा, मनात दहापर्यंत मोजा आणि लगेच पाव कप पाणी ओता. पाप्रिकाचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात उतरतो, म्हणून आधी तेलाशी गाठ घालायची. ती गाठ दहा सेकंदांची पुरते.

पातेलं परत गॅसवर. पाणी आटून कडेला लाल तेल दिसलं की चिकन आणि उरलेलं मीठ. मध्यम आचेवर ५-६ मिनिटं, तुकडे सगळीकडून पांढुरके होईपर्यंत हलवा. टोमॅटो (साल काढून, चिरून) आणि मिरची घाला, झाकण, आच मंद. पाणी घालू नका. चिकनला स्वतःचं पाणी सुटतं आणि १० मिनिटांत तुकडे अर्धे बुडतात. कमी वाटलंच तर अर्धा कप गरम पाणी, एका वेळी तेवढंच. तंगडी आणि मांडी २५ ते ३० मिनिटांत होते.

चोथ्याचं कारण: ब्रेस्टला १२-१५ मिनिटं पुरतात आणि तुम्ही त्याला २५ दिली. एकतर फक्त लेग-थाय घ्या, नाहीतर ब्रेस्ट निम्म्या वेळाने घाला. आणि करी कट नको. चिकनवाल्याला सांगून आठ मोठे तुकडे करून घ्या. लहान तुकड्यांत हाडांच्या चिपा होतात, आणि या गुळगुळीत रश्शात दाताखाली चीप आली की सगळी मजा गेली.

बुडा_ते_पेश्ट

खलबत्ता यांच्याशी जवळजवळ पूर्ण सहमत. इथल्या, म्हणजे हंगेरीतल्या, बाजूने काही भर.

पहिली गोष्ट, स्मोक्ड पाप्रिका हंगेरीची नाही. मिरच्या लाकडाच्या धुरावर वाळवण्याची ती पद्धत स्पेनमधल्या ला व्हेराची. तिने पाप्रिकाश केलं तर चिकनला सॉसेजचा वास येतो. डबीवर सेगेद किंवा कालोचा ही नावं शोधा. दोन्ही गावांच्या पाप्रिकेला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं तेही याच मिरचीतून, ताज्या. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. पूड मात्र जीवनसत्त्वासाठी खाऊ नका, रंगासाठी खा.

डबीवरच्या शब्दांचा अर्थ: 'एदेशनेमेश' म्हणजे उत्तम गोड, बाहेरदेशी बहुतेक हीच मिळते आणि पाप्रिकाशला हीच हवी. 'क्युल्योन्लेगेश' सगळ्यात बारीक आणि लाल, 'चेमेगे' मऊ चवीची, 'फेलेदेश' निम-गोड. 'रोझा' नावावरून गुलाबी गोड वाटते, पण किंचित तिखट असते. 'एर्योश' म्हणजे तिखट. बुडापेस्टच्या मोठ्या मंडईत (१८९७ ची इमारत, पर्यटकांनी कायम भरलेली) नक्षीदार कापडी पिशव्यांतून पाप्रिका विकतात. भेट म्हणून छान, स्वयंपाकाला हवाबंद डबा घ्या. कापडातून हवा जाते आणि उजेडाने रंग उडतो. उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवा, सहा महिन्यांत संपवा. जुनी पाप्रिका ओळखायची तर पाव चमचा पूड चमचाभर कोमट तेलात कालवा. तेल लाल झालं तर ठीक. तपकिरी, मातकट झालं तर ती पूड कितीही सांभाळून घाला, रस्सा विटकरीच होणार.

दुसरी गोष्ट, नावांचा घोळ. हंगेरीत 'गुयाश' हे सूप आहे. ज्याला जगभर गुलाश म्हणतात, तो घट्ट रस्सा म्हणजे 'प्योर्क्योल्त'. त्याच प्योर्क्योल्तात शेवटी आंबट क्रीम घातलं की 'पाप्रिकाश'. म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबलात तरी तो एक पूर्ण पदार्थ आहे.

तिसरी, आणि ही पायरी वर सुटलीये. मांस शिजलं की झाकण काढून आच वाढवतात आणि पाणी आटवत नेतात, रस्सा आपल्याच चरबीत चुरचुरू लागेपर्यंत. आपल्याकडे 'तेल सुटेपर्यंत' म्हणतात तेच. फक्त आपण ते मसाला परतताना करतो, इथे मांस शिजल्यावर करतात. आधी पातेल्यातून भातासारखे मोठे बुडबुडे येतात, आवाज जड असतो. मग आवाज बारीक होतो, चुर्र असा, आणि चमचा फिरवला की मागे बूड दिसतं आणि त्या वाटेत लाल तेल भरतं. तिथे थांबा. आणखी मिनिटभर गेलं तर पुन्हा कडू, कारण पाप्रिका अजून त्यातच आहे. लगेच पाऊण कप गरम पाणी घालून बूड खरवडून घ्या. चिकन मऊ असेल तर आधी ताटात काढून ठेवा, रस्सा एकटा आटवा, नाहीतर तुकडे मोडतात.

तेलाबद्दल: पारंपरिक चरबी डुकराची, पण सूर्यफुलाचं तेल इथे घरोघरी वापरतात, तेव्हा ते वापरताना मन खाऊ देऊ नका. शेंगदाणा तेल, खोबरेल आणि तूप टाळा, तिन्हींचा वास पाप्रिकावर चढतो. गोव्यात किंवा वसईत डुकराची चरबी मिळत असेल तर २५० ग्रॅमचे छोटे तुकडे करून पाव कप पाण्यासह मंद आचेवर वितळवा आणि गाळून बरणीत भरा. शाकाहारी शेजाऱ्यांच्या खिडक्या आधी बघून घ्या.

लवंगी

काश्मिरी तिखट चालेल का, या प्रश्नावर. पाप्रिकाशमध्ये पूड दोन मोठे चमचे पडते. बाजारातलं काश्मिरी तिखट त्या प्रमाणात घातलंत तर रंग झकास येईल आणि खाणारे पाणी मागतील. निम्मं घातलंत तर तिखटपणा बेतात, पण अंग आणि गोडवा नाही. इथे पूड नुसती चवीला नसते, रस्सा तिच्यानेही भरतो.

सगळ्यात जवळ जाते ती बेडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, २०११ पासून भौगोलिक मानांकन असलेली. तिच्यातही 'डब्बी' प्रकार मागा: बुटकी, फुगीर, सुरकुतलेली, रंग जास्त आणि तिखटपणा 'कड्डी' या लांब, सडपातळ प्रकारापेक्षा कमी. ३० ग्रॅम अख्ख्या मिरच्या घ्या. देठ तोडा, कात्रीने उभी चिरा, बिया झटका आणि आतल्या फिकट शिरा नखाने ओढून काढा. तिखटपणा मुळात त्या शिरांत असतो. बियांना तो त्यांच्यामुळे लागतो. नुसत्या बिया काढून शिरा ठेवल्यात तर निम्मंच काम झालं. हातमोजे घाला, बेडगी झाली तरी मिरची आहे.

भाजू नका. उन्हात दोन तास किंवा ओव्हनमध्ये ६० अंशांवर अर्धा तास, कडकडीत मोडेपर्यंत. थंड करून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा (सलग फिरवलं तर भांडं तापून रंग काळवंडतो), मैद्याच्या चाळणीने चाळा. १५ ग्रॅमच्या आसपास पूड मिळते.

यात पाप्रिकाचा गोडवा नाही, तो भरून काढावा लागतो. एक लाल ढोबळी मिरची गॅसवर भाजून, साल काढून, वाटून टोमॅटोबरोबर घाला. टोमॅटो मग अर्धाच. खरी पाप्रिका थोडीशीच हाताशी असेल तर १ चमचा ती आणि १ चमचा ही पूड, हे मिश्रण मला नुसत्या जुन्या पाप्रिकापेक्षा बरं वाटतं.

जाता जाता: मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, हंगेरीत तुर्कांच्या काळात पोचली. तिथे तिचं जुनं नाव 'तुर्की मिरी' होतं. दोघांनीही पाहुणीला घरची करून टाकलं.

विरजण

दही का फाटलं ते आधी. साध्या दह्यात प्रथिनं बरीच, स्निग्धांश कमी. आंबटपणामुळे प्रथिनं आधीच गुठळी व्हायच्या बेतात असतात, त्यात उकळी आणि दोन टोमॅटोंची आंबट भर. प्रथिनं आकसतात, पाणी सोडतात, तुम्हाला रवा दिसतो. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त असल्याने ती एकमेकांना सहज चिकटत नाहीत, आणि मैद्याचा स्टार्च फुगून मधल्या पाण्याला दाटपणा देतो. म्हणून हंगेरीत 'तेय्फ्योल' (तिथलं आंबट क्रीम, पाप्रिकाशला साधारण २० टक्के स्निग्धांशाचं घेतात) मैद्यात कालवूनच घालतात. त्या मिश्रणाला 'हाबाराश' म्हणतात.

घरगुती पर्याय सोपा आहे, आणि तो लोणी काढणाऱ्या प्रत्येक घरात असतो: विरजलेली साय. मात्र आठवडाभर साठवलेली नको, तिला वास असतो. दोन दिवसांची साय, वाटीभर. कोमट करून त्यात चमचाभर ताजं दही, ६ ते ८ तास. आंबूस वास आला की फ्रिजमध्ये. सायीच्या पापुद्र्यांचे तुकडे राहतात, ते गाळणीवर चमच्याने दाबून काढा. मिक्सर लावायचा मोह होतो, पण दोन-चार झटक्यांपलीकडे गेलात की लोणी आणि ताक वेगळं होतं आणि बेत बदलावा लागतो.

साय नसेल तर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा चक्का १०० ग्रॅम आणि पाकिटातलं २५ टक्क्यांचं क्रीम १०० ग्रॅम, एकत्र फेटून.

घालायची पद्धत: क्रीम फ्रिजमधून तासभर आधी काढा. दीड टेबलस्पून मैदा आधी दोन चमचे क्रीममध्ये गुठळी न ठेवता कालवा, मग उरलेलं क्रीम. त्यात गरम रस्सा एक डाव, फेटा, पुन्हा एक डाव, फेटा. आता हे कोमट मिश्रण गाळणीतून पातेल्यात ओता, आच मंद. ४-५ मिनिटं हळूहळू रटरटू द्या, नाहीतर कच्च्या मैद्याची चव राहते. मैदा असल्यामुळे हलकी उकळी चालते. रंग लालवरून उजळ केशरी होतो. फार घट्ट झालं तर गरम पाणी, चमच्या-चमच्याने.

आमटीभात

धन्यवाद सगळ्यांना! बऱ्याच शंका मिटल्या. अजून तीन:

१. इथे चिकनवाले साल काढूनच देतात. सालीने फरक पडतो का?
२. गावठी कोंबडी मिळते. तिचं करावं का, आणि कुकरमध्ये?
३. घरात मैदा न खाणारं एक माणूस आहे. कॉर्नफ्लोअर चालेल?

खलबत्ता

साल: फरक पडतो. सालीतून चरबी आणि चिकटपणा येतो, रस्सा ओठांना लागतो तो त्याने. सालीसकट मागितलं तर बहुतेक चिकनवाले देतात, फक्त पिसं उपटून धुवायला वेळ लागतो म्हणून कुरकुरतात. नाहीच मिळालं तर दोन पंख, मान आणि पाठीचा तुकडा मुद्दाम मागून घ्या आणि शिजवताना टाका. वाढताना काढून घ्या. साल असेल तर तेल ३ टेबलस्पूनवर आणा.

गावठी: करावंच. ब्रॉयलर नसताना हा पदार्थ अंगणातल्या कोंबडीचाच असणार. गावठीला मांस कमी आणि हाड जास्त, म्हणून दीड किलोची घ्या. पातेल्यात दीड ते दोन तास लागतात, तेवढ्यात तीन-चारदा अर्धा-अर्धा कप पाणी घालावं लागेल. जून कोंबड्याला अडीच तासही लागतात. हंगेरीत कोंबड्याचं प्योर्क्योल्त वेगळंच नावाजलेलं आहे, आणि ते क्रीमशिवाय खातात.

कुकर ब्रॉयलरला अजिबात नको, दोन शिट्ट्यांत दोरे होतात. गावठीला चालेल, पण कांदा आणि पाप्रिकाची पायरी कुकर उघडा ठेवूनच, पाणी फक्त अर्धा ते पाऊण कप. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर १५-२० मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. नंतर उघड्या कुकरात आटवायची पायरी करायचीच. ती टाळली की रस्सा उकडल्यासारखा लागतो.

विरजण

मैद्याला पर्याय तांदळाची पिठी, १ टेबलस्पून सपाट. मैद्यापेक्षा दोन मिनिटं जास्त शिजवा. कॉर्नफ्लोअर टाळा. ताजं असताना रस्सा चकचकीत आणि किंचित बुळबुळीत होतो, आणि दुसऱ्या दिवशी गरम केला की पाणी सोडतो.

बुडा_ते_पेश्ट

"सोबत काय" राहिलंच. भात चालतो, इथेही काही घरी वाढतात. पण खरी जोडी 'नोकेद्ली'शी. मैद्याचे ओबडधोबड लहान गोळे, रस्सा धरून ठेवायला.

चौघांना: मैदा ३०० ग्रॅम, अंडी २, मीठ १ टीस्पून, पाणी १७० ते २०० मिली. अंडी आणि निम्मं पाणी आधी, मग बाकीचं बघत बघत. लाकडी चमच्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच कालवा. गुठळ्या राहिल्या तर राहू देत, घोटत बसलात तर गोळे रबरी होतात. पीठ चमच्यावरून सलग न गळता थबकत, तुटत पडलं पाहिजे. भजीच्या पिठाहून बरंच घट्ट.

मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी, टेबलस्पूनभर मीठ, खळखळती उकळी. इथे त्यासाठी खास भोकांची किसणी मिळते, भोकं बोराएवढी नाही, वाटाण्याएवढी. पीठ तीन-चार घाण्यांत पाडा. गोळे वर आले की आणखी एक मिनिट, मग झाऱ्याने काढून थेट गरम लोण्यात किंवा चरबीत. थंड पाण्यात धुवायची काही जणांना सवय असते, पण लगेच खायचं असेल तर धुऊ नका, धुतलेल्या गोळ्याला रस्सा नीट चिकटत नाही.

सोबत काकडीची कोशिंबीर: दोन काकड्या कागदासारख्या पातळ, १ टीस्पून मीठ लावून २० मिनिटं, घट्ट पिळून. एक कप थंड पाणी, साखर दीड टीस्पून, किसलेली अर्धी लसूण पाकळी, व्हिनेगर. इथे एक सापळा आहे. हंगेरीत घरगुती व्हिनेगर सहसा १० टक्क्यांचं असतं, भारतातलं पांढरं साधारण ४ टक्क्यांचं. हंगेरियन पाककृतीत एक चमचा लिहिला असेल तर तुम्ही अडीच घ्या.

खलबत्ता

नोकेद्लीची किसणी नसेल तर मोठ्या भोकांचा बुंदीचा झारा घ्या. बारीक भोकांच्या झाऱ्यातून शेव-बुंदीच्या मधलं काहीतरी पडतं. पीठ झाऱ्यावर घालून वाटीच्या बुडाने दाबत फिरवा. झारा पाण्याच्या जवळ धरू नका, वाफेने पीठ भोकांतच शिजतं आणि मग टूथपिक घेऊन बसावं लागतं. पाण्यापासून वीतभर वर, आणि प्रत्येक घाण्यानंतर झारा गार पाण्यात बुडवून.

झाराही नसेल तर ओल्या पोळपाटावर पीठ पसरा आणि सुरीने बोटभर कडेची पट्टी कापत, ढकलत उकळत्या पाण्यात पाडा. हाही तिथला जुना प्रकारच आहे.

अळंबी

शाकाहारींसाठी हाच रस्सा मशरूमचा करतात, 'गोंबापाप्रिकाश'. ५०० ग्रॅम बटन मशरूमला कांदा १५०, तेल ३ टेबलस्पून, पाप्रिका १ टेबलस्पून, क्रीम १५० ग्रॅम, मैदा १ टेबलस्पून. मशरूम धुऊन भिजत ठेवू नका. जाड काप करा, कांदा-पाप्रिकात टाकून झाकण न ठेवता मोठ्या आचेवर, सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत, १०-१२ मिनिटं. हे पाणी आटायच्या आत क्रीम घातलं तर रस्सा करडा दिसतो आणि पांचट लागतो. पनीर घालून बघायचं म्हणत असाल तर नको. क्रीममध्ये पनीर म्हणजे दुधात दूध, आणि वर शाही पनीरची आठवण.

लवंगी

एका मुद्द्यावर असहमती: टोमॅटो. एकाहून जास्त घालू नका इतकंच नाही, हिवाळ्यातले आंबट गावरान असतील तर अर्धाही पुरे. शेवटी क्रीमचा आंबटपणा येणारच असतो. टोमॅटो जास्त झाला की चव बटर चिकनच्या वाटेने जाते. कसुरी मेथीचा डबा तोवर कपाटात बंद ठेवा.

बुडा_ते_पेश्ट

टोमॅटोबद्दल मान्य. इथेही काही घरी अजिबात घालत नाहीत.

उरलं तर काय, हे कोणी विचारलं नाही, पण सांगतो. दुसऱ्या दिवशी खायचा बेत असेल तर क्रीम घालायच्या आधीचा भाग वेगळा काढून ठेवा. तो फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने चांगला राहतो. क्रीम घातलेला रस्सा गोठवला की फाटतो.

आणि त्या उरलेल्याचं 'होर्तोबाद्यी पालाचिंता' करा. मैदा १५० ग्रॅम, अंडी २, दूध २०० मिली, चिमूटभर मीठ फेटून २० मिनिटं ठेवा. तव्यावर घालायच्या आधी १०० मिली साधा सोडा (सोडा वॉटर) मिसळा, त्याने पोळे पातळ आणि मऊ होतात. घावनासारखे पातळ, आठ-नऊ निघतात. हाडं काढून मांस बारीक चिरा, दोन-तीन चमचे रश्शात ओलसर करा. फार ओलं केलंत तर पोळं फाटतं. प्रत्येकात दोन चमचे भरून कडा आत मोडून गुंडाळा आणि खोलगट भांड्यात एकाला एक लावून ठेवा. उरलेला रस्सा गाळून, वर सांगितलंय तसं क्रीम-मैदा घालून ४-५ मिनिटं रटरटवून वर ओता. ओव्हन १८० अंशांवर १२ मिनिटं. ओव्हन नसेल तर झाकण ठेवून तव्यावर, अगदी मंद आचेवर, कडेला बुडबुडे दिसेपर्यंत.